उंदीर पडले तो वैशाख

पाट बंद झाला की मला उंदरांचा वास येतो. आमच्याकडे वैशाख कॅलेंडरावर यायच्या आधी पाटावर येतो. पाण्याची पाळी संपते, वरून धरणाची दारं पडतात आणि एकदोन दिवसांत तळाचा गाळ उघडा होतो. त्यात बगळे उतरतात. मग गाळ वाळतो, त्याच्या भाकरीएवढ्या खपल्या उलतात. घरातल्या बाकीच्यांना त्या गाळाचा वास येतो. मला मात्र लाकडाच्या भुशात मुरलेल्या मुताचा येतो, नाकातून थेट डोळ्यांत चढणारा. सून म्हणते, "आत्या, कणगीमागं काय मरून पडलंय का बघू?" मी म्हणते, बघ बाई. ती बॅटरी घेऊन कोपरे धुंडाळते आणि तशीच परत येते. तिला काय सापडणार? ते उंदीर मेले तेव्हा तिचा नवराही जन्मला नव्हता.

मी उंदीर पाळले आहेत. हे वाक्य मी फार थोड्या लोकांपुढे उच्चारलं, कारण ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्या हातचा चहा पिताना कपात डोकावतो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आमचे हे पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते पाहणारे. बारामतीच्या बाहेर, इंदापूरच्या रस्त्याला, पाटाच्या कडेला आम्हाला दोन खोल्या होत्या. शेजारी एक दगडी बंगली बरीच वर्षं बंद पडून होती. एका दिवाळीनंतर तिथं पुण्याहून एक डॉक्टर राहायला आले. साठीच्या आसपासचे, उंच, जरा वाकलेले, कॉलेजातली मोठी जागा सोडून आलेले. दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीतून त्यांचं सामान उतरलं, त्यात भांडीकुंडी थोडी आणि जाळीचे पिंजरे फार. पिंजऱ्यांत पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. गावानं लगेच निकाल दिला, की आपल्याकडे ज्वारीला पुरून उरतील एवढे उंदीर असताना हे कशाला पुण्याहून गाडीभाडं भरून आणलेत.

त्यांना सांभाळायला माणूस मिळेना. मी सातवी पास होते, मांडीवर मूल नव्हतं आणि मला किळस नव्हती. एवढ्या पात्रतेवर ती नोकरी मला लागली. माझ्या सासूबाई मोरगावच्या. ज्या गावात देवासमोर एवढा थोरला उंदीर बसवलाय, त्या गावची बाई दुसरं काय करणार? पहिल्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या, पिंजऱ्यांना हात जोडले आणि म्हणाल्या, "देवाचं वाहन हाय. इटाळ धरू नगं, पर लाथ बी लागू दिऊ नगं." मग बारकाईनं बघून म्हणाल्या, "पांढरं हाय म्हंजी बामणाघरचं आसंल."

डॉक्टरसाहेबांना म्हातारपण हवं होतं. सगळं जग त्यावर औषध शोधतं, हा माणूस ते वाढवत होता. माणसाला म्हातारं व्हायला जन्म लागतो, उंदराचं दोन-तीन वर्षांत उरकतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. "मेंदू म्हातारा होतो म्हणजे नक्की काय होतं, ते मला पाहायचंय. त्यासाठी आधी हे म्हातारे व्हायला हवेत. माझं काम नंतर. तुमचं काम आधी."

माझं काम म्हणजे त्यांना मरू न देणं. सकाळी वखारीतला भुसा चाळून पिंजऱ्यांत पसरायचा, ओला काढायचा. पाण्याच्या उलट्या बाटल्या धुवायच्या. उंदराचे दात वाढत राहतात, कुरतडायला काही नसेल तर ते टाळूत घुसतात, म्हणून बाभळीच्या सोललेल्या काटक्या टाकायच्या. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, जसे आपण मुंग्यांसाठी दुधाच्या कपाटाचे ठेवतो. अर्ध्या पिंजऱ्यांना साधं खाणं, अर्ध्यांना डॉक्टरांनी ठरवलेलं, थोडं कमी आणि निराळं. त्या निराळ्या खाण्यानं विसरणं लांबतं का, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी एक मोठी लाकडी पेटी होती, आत गल्ल्याच गल्ल्या, आणि शेवटच्या गल्लीत गूळ-शेंगदाण्याचा खडा. तरणे उंदीर चार दिवसांत ती वाट शिकत. पुढं म्हातारपणी त्यांना तीच वाट आठवते का, ते पाहायचं. त्यातल्या एकाला मी आबा म्हणायची. डॉक्टरांना नाव ठेवलेलं आवडत नसे, म्हणून मनातल्या मनात. आबा वाट चुकला की घाबरत नसे. कोपऱ्यात बसायचा आणि दोन्ही हातांनी तोंड धुवायचा.

परीक्षा संपली की त्यांना मारून मेंदू काढायचा आणि बरणीत ठेवायचा, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. म्हणजे जो उंदीर मी नीट सांभाळीन तोच बरणीपर्यंत पोचणार. हयगय झाली तर आधीच मरेल आणि सुटेल. भुसा बदलताना मी याचा विचार करायची आणि भुसा बदलत राहायची. गल्लीतल्या बाया मला उंदरांची आई म्हणायच्या. मला राग यायचा नाही. सगळ्याच आया पोरांना शेवटी कशासाठी वाढवतात, असं तेव्हा मनात यायचं, आणि असं मनात येतं म्हणून आपल्याला मूल होत नसेल, असंही वाटायचं.

हे सगळं माईंसाठी चाललं होतं, हे समजायला मला एक पावसाळा जावा लागला. माई म्हणजे डॉक्टरांच्या बायको. वय फार नव्हतं, पन्नाशीच्या थोड्या पुढं. आधी त्या आमटीत मीठ दोनदा घालत. मग चूल पेटवलेली विसरत. मग दारात उभ्या राहून पदर खांद्यावर सारखा करत राहत, कुठं निघालो ते आठवेपर्यंत, आणि ते आठवत नसे. पुण्यात तीस वर्षं राहून कमावलेली शुद्ध भाषा त्यांच्या अंगावरून गळून गेली आणि खालून माहेरच्या शेळगावची निघाली. डॉक्टरांना त्या विचारत, "तुमी कोण म्हणायचं?" डॉक्टर म्हणत, "मी इथंच असतो." त्यावर त्या माझ्याकडं बघून हळूच म्हणत, "मानूस बरा दिसतोय, चिंगे." माझं नाव चिंगी नाही. पण त्यांच्या मायेच्या हाकेला मी ओ देत गेले.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यासाठीच तर पुणं सोडलं होतं. सकाळी मी माईंना न्हाऊ घालून, ठसठशीत कुंकू लावून ओसरीवर बसवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या हात जोडत. लोक म्हणत, डॉक्टरीणबाई लई शांत, लई शिकलेल्या दिसतात. त्या काळी अशा बाईसाठी एकच शब्द होता, आणि तो एकदा घराला चिकटला की सुटत नसे. वेडी. डॉक्टरांनी तो शब्द पुण्यात कुणाच्या तरी तोंडून ऐकला होता. त्यांनी मला एकदाच बजावलं, "हिला कुणी तसं म्हणता कामा नये. माझ्या हयातीत तरी नाही." ज्या माणसाला मेंदूची एवढी माहिती, त्यालाही त्या शब्दाचं भय होतं.

त्या वैशाखात आमचे उंदीर अखेर म्हातारे झाले होते. अंगावरची पांढरी लव पिवळट पडलेली, पाठीला पोक, कुणाच्या पोटाला गाठी. उचलताना हाताला नुसती हाडं लागायची. ज्येष्ठ लागला की शेवटची परीक्षा घ्यायची होती. डॉक्टर आता पिंजऱ्यांपुढं तासन्‌तास उभे राहत. निराळं खाणारे उंदीर वाट विसरत नाहीत अशी त्यांची अटकळ होती, आणि आबा त्या निराळं खाणाऱ्यांतलाच. एकदा ते मला म्हणाले, "हिच्यासाठी उशीर झालाय, ते मला समजतं. पण काय चुकलं ते तरी कळेल."

उंदराला घाम येत नाही. ऊन त्याच्या अंगात शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. आम्ही खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून ते पाटाच्या पाण्यानं भिजवत होतो, आणि दौंडहून गाडीनं बर्फाची लादी यायची, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली. उस्मानभाई टांगेवाले ती स्टेशनवरून आणून देत. मग पाट बंद झाला. पाणी माझ्या नवऱ्याच्या हातात आहे असं लोकांना वाटायचं, पण वरून दारं पडली की त्यांच्या हातात नुसती किल्ली उरायची. विहिरीत बादली टाकली तर चिखल वर यायचा. त्यात दौंडहून बर्फ येईना. एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं डॉक्टर स्वतः बर्फ आणायला गेले. जाताना म्हणाले, "एखादा गेलाच, तर ओसरीवर गार फरशीवर ठेवा. मी आल्याबरोबर तो उघडायला हवा. उन्हाळ्यात मेंदू लगेच उतरतो." भाजी उतरते म्हणतात तसं म्हणाले.

एखादा नाही गेला. दुपारी वारा पडला आणि ते पिंजऱ्यांच्या तळाशी आडवे होऊ लागले, पोट भुशाला लावून, तोंड उघडं टाकून. मी ओल्या फडक्यानं एकेकाचे कान आणि शेपटी पुसत फिरत होते. शेवटच्या पिंजऱ्याशी पोचेपर्यंत पहिल्यातला गेलेला असायचा. मला रडू आलं नाही, भयंकर संताप आला. म्हातारा होईपर्यंत जपलं आणि म्हातारपण उपयोगाला यायच्या तोंडावर हे. मेलेले मी एकेक करून ओसरीवर नेले आणि सावलीत शहाबादी फरशीवर ओळीनं मांडले. आबा जगला होता. डोळे मिटून होता, पण बरगड्या हलत होत्या.

माई दुपारची झोप झाली की ओसरीवर येत. त्या आल्या आणि ओळीपाशी थांबल्या.

"उन्हानं गेले, माई," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. खाली वाकल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी दोन वर्षं रोज धूत होते, पण हा चेहरा मी पाहिला नव्हता. नजर एका जागी आली होती. त्यांनी माझं मनगट धरलं, केवढी ताकद त्या हातात.

"उंदीर पडलं," त्या म्हणाल्या. "चिंगे, काखंत हात घाल. गाठ हाय का बघ."

ज्यांनी प्लेग पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. आधी घरात उंदीर पडायचे. वळचणीतून टप्‌दिशी खाली पडून मरायचे. मग माणसांना ताप, काखेत नाहीतर जांघेत गाठ, आणि दोन-तीन दिवसांत माणूस जायचा. त्यामुळं उंदीर पडले की कुणाला विचारायचं नाही, गाव सोडायचं, रानात झोपड्या घालून राहायचं, आणि मेलेला उंदीर रॉकेल टाकून जाळायचा. हे इथल्या माणसांना शाळेत शिकावं लागलं नव्हतं. माझ्या सासूबाईंना, गल्लीतल्या प्रत्येक म्हातारीला ते ठाऊक होतं. माईंचं सगळं गेलं होतं, नवरा, संसार, पुणं. तेवढं एक तळाशी राहिलं होतं.

मी अडवेपर्यंत त्या फाटकाबाहेर गेल्या. पाट बंद, म्हणून सडकेच्या विहिरीवर बाया घागरी घेऊन ताटकळत होत्या. माई त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "घरं सोडा. आमच्यात उंदीर पडल्यात. आज सांजच्या आत रानात चला." एकीनंही शंका काढली नाही. डॉक्टरच्या बायकोला कळणार नाही तर कुणाला? त्या शुद्धीत आहेत असं आम्ही दोन वर्षं गावाला भासवलं होतं, आणि आता गावाला ती शुद्धच दिसत होती. दोघीतिघी ओसरीपर्यंत येऊन ओळ बघून गेल्या. घटकाभरात गल्लीतून बोचकी, वळकट्या, कोंबड्या बाहेर पडू लागल्या.

आणि माई. पदर खोचून त्या घरात शिरल्या. पीठ कुठल्या डब्यात, अंथरुणं कुठल्या कपाटात, सगळं त्यांना सापडत होतं. मला म्हणाल्या, तवा वर ठेव, तो आधी लागतो. गाठी मारता मारता त्या बोलत होत्या. त्यांच्या बापानं, आबांनी, तेव्हा म्हटलं होतं, एकच तर उंदीर पडलाय, सुगी उरकू, मग जाऊ. ते रानात गेले तेव्हा उशीर झाला होता. धाकटी बहीण त्या झोपडीतच दगावली. तिचं नाव चिंगी. "ह्या टायमाला थांबायचं न्हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. इतकी हुशार, इतकी पुरी बाई मी त्या घरात पहिल्यांदा पाहिली, आणि वाटलं, डॉक्टर आत्ता इथं हवे होते.

ते आले, टांग्यात बर्फाच्या लादीला टेकून बसलेले, धोतर भिजलेलं. फाटकाशी माणसं उभी होती, हातात रॉकेलचा डबा. आमच्या गल्लीतले वडीलधारे दाजीराव पुढं झाले. आवाजात उद्धटपणा नव्हता.

"डॉक्टर, जित्तं बी जाळावं लागतील. तुमास्नी सांगायला पायजे व्हय?"

"दाजीराव, हे उन्हानं मेलेत," डॉक्टर म्हणाले. "प्लेग नाही. हे उंदीर कधी पिंजऱ्याबाहेर गेले नाहीत."

"आसंल. पर सांगावा तुमच्याच घरातनं आलाय. बाईसायबांनी सोता येऊन सांगितलं. त्येंचं खोटं हाय का?"

एका वाक्याचं काम होतं. तिचं डोकं ठिकाणावर नाही, एवढं म्हटलं असतं तर दाजीराव चुकचुकले असते, माणसं परत फिरली असती, जगलेले उंदीर ज्येष्ठापर्यंत पोचले असते. डॉक्टरांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात माई बोचकं काखोटीला मारून ओसरीवर आल्या. त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आलात व्हय? मी कवाची वाट बघतीया. चला आता, उशीर करू नका."

अहो. दोन वर्षांत त्यांनी ती हाक मारली नव्हती.

डॉक्टरांनी त्यांच्या काखोटीचं बोचकं आपल्याकडं घेतलं. मग दाजीरावांना म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मला थोडा वेळ द्या, जिवंत जाळू नका."

आम्ही आत गेलो. त्यांनी बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा ठेवला. मी एकेक उंदीर उचलून देत होते. त्यांच्या अंगाला माझ्या हाताची सवय होती, एकानंही अंग चोरलं नाही. आबा माझ्या तळव्यावर जरासा सावध झाला, आणि दोन्ही हातांनी तोंड धुवायला लागला. मी तो दिला. डॉक्टरांनी घेतला. टांग्यातून उतरवलेला बर्फ ओसरीवर तसाच राहिला आणि त्याचं पाणी ओळ होती तिथून वाहत गेलं. पाठीमागच्या खड्ड्यात जाळ झाला. पांढरी लव जळते तिचा वास केसांसारखाच येतो.

आता मी माईंच्या तेव्हाच्या वयाच्या पुष्कळ पुढं आले आहे. पुढं मलाही मुलं झाली, शेळ्या, गाई, नातवंडं सगळं हातांखालून गेलं. हल्ली कोठीत जाते आणि कशाला आले ते आठवत नाही. सून हसते, मीही हसते. पण मला भीती वाटते ती विसरण्याची नाही. सगळं गळून पडल्यावर तळाशी काय उरावं हे आपल्या हातात नसतं. लग्न उरेल, पहिलं मूल उरेल, अशी आशा करायला मन धजत नाही. माझ्या तळाशी ती फरशीवरची ओळ असणार, आणि मी तिचा अर्थ कुणाला सांगू शकणार नाही. डॉक्टरांना कळायचं होतं ते कुणाला कळलं का, मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा उंदीर आणले नाहीत. पिंजरे पुढं कुणीतरी कोंबड्यांना नेले.

ती रात्र आम्ही सगळ्यांनी सणसरच्या वाटेला एका मोकळ्या रानात काढली, पाल्याच्या आडोशाला. पहाटे मी चहाचं आधण ठेवलं. माई उठून बसल्या होत्या. पदर खांद्यावर सारखा करत होत्या, पुन्हा पुन्हा. डॉक्टर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. अंगावर कालचंच धोतर होतं.

माईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "तुमी कोण म्हणायचं?"

डॉक्टरांनी त्यांचा पदर खांद्यावर नीट बसवला. मग म्हणाले, "मी डॉक्टर आहे. तपासायला आलोय."

माईंनी लहान मुलीसारखा हात वर केला. त्यांनी काखेत दोन बोटं घालून नीट चाचपलं, दुसऱ्या बाजूलाही.

"गाठ न्हाय न्हवं?"

"नाही."

"आन्‌ चिंगीला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चुलीपाशी होते. मी तिथूनच हात वर केला.

"तिलाही नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग आमच्या आबांस्नी सांगा," माई म्हणाल्या. "म्हणावं, ह्या टायमाला आमी येळंवर निघालो. समदी वाचली."

"सांगतो," ते म्हणाले.